आडनाव काय तुमचं?

ऐरोलीत वन बीएचके बघायला गेलो होतो, बायकोने तर ओट्यावरून हात फिरवत डबे कुठे ठेवायचे ते पण ठरवून टाकलं, आणि टोकन द्यायच्या वेळी मालकाने आडनाव विचारलं. सांगितलं तर एकदम गप्प. संध्याकाळी ब्रोकरचा मेसेज, ‘सर, ओनरच्या नातेवाईकांना द्यायचंय.’ आठवड्याने तोच फ्लॅट परत ॲपवर, भाडं तेच! संविधानाच्या कलम 17 ने अस्पृश्यता 1950 मध्येच बंद केली, पण अशी गुपचूप आली तर पुरावा काय दाखवणार? आता दिव्यात राहतो, ठाण्याला लोकल बदलून रोज ऐरोली गाठतो, ते चालतंय. पण मुलगी हल्ली कोणी विचारलं की फक्त नाव सांगते, आडनाव गाळते. आठ वर्षांची आहे, आम्ही शिकवलेलं नाही तिला हे.