राणीच्या खोल्या बघितल्या, पण आजी-आजोबांच्या खोल्या कुठायत?

बुडापेस्टचं काही लिहीत नाही, पूल, गरम पाण्याची कुंडं, रात्रीची रोषणाई, सगळं सगळ्यांनी लिहून झालंय. मला सांगायचंय ते हंगेरीतल्या बुडापेस्टजवळच्या गोडोल्लो गावातल्या राजवाड्याबद्दल, कारण तिथून आल्यापासून एक गोष्ट डोक्यातून जातच नाहीये.

बुडापेस्टच्या मेट्रोच्या लाल लाइनचं शेवटचं स्टेशन, तिथून हिरवी लोकल, ती आपली रमतगमत गोडोल्लोला पोचवते. भाची तिकडेच शिकते म्हणून हे जमलं, नाहीतर मी कुठली जातेय. उतरलं की रस्त्यापलीकडे राजवाडाच. आत मात्र ही गर्दी! ऑस्ट्रिया-हंगेरीचा सम्राट फ्रान्झ योसेफ, त्याची राणी एलिझाबेथ, म्हणजे सिसी, तिच्या खोल्यांना जांभळ्या रंगाच्या भिंती आहेत आणि प्रत्येकाला तिथेच सेल्फी हवा. एक बाई तर आरशासमोरून हलेचना. सुंदर आहे हो सगळं, नाही कोण म्हणतंय, पण चौथ्या खोलीपासून मला सगळं नुकतंच दुकानातून आणल्यासारखं वाटायला लागलं.

आणि ते बऱ्याच अंशी खरंच आहे म्हणा. वाडा म्हटला की मालक बदलतात, भाडेकरू येतात, हे पुण्यात राहून मला कोणी शिकवायला नको, पण इथली यादी ऐकून मीसुद्धा गार. 1730च्या दशकात अंताल ग्रासाल्कोविच नावाच्या माणसाने बांधायला घेतला, साध्या घरातून वर आलेला, पण हंगेरीची तेव्हाची महाराणी मारिया थेरेसा त्याच्याकडे पाहुणी म्हणून आली 1751 मध्ये, म्हणजे विचार करा. 1841 मध्ये त्याचा नातू निपुत्रिक गेला आणि पुरुष वारसच संपला. मग 1850 मध्ये सिना नावाच्या बँकरने विकत घेतला, त्यांच्याकडून तो एका बेल्जियन बँकेकडे गेला, आणि 1867 मध्ये हंगेरी सरकारने परत घेऊन राज्याभिषेकाची भेट म्हणून राजा-राणीला राहायला दिला. साम्राज्य बुडालं, 1920 पासून होर्टी हा हंगेरीचा राज्यकर्ता उन्हाळ्यात इथे राहायला लागला, 1944 मध्ये त्याच्यासाठी जमिनीखाली बंकर खणला, तोही दाखवतात.

आणि मग युद्धानंतर सोव्हिएत सैनिक, हंगेरियन सैनिक, आणि (मी इथे थांबलेच) वृद्धाश्रम! बारोक म्हणजे भरगच्च नक्षीकामाच्या शैलीतल्या राजवाड्यात वृद्धाश्रम! कितीतरी वर्षं म्हातारी माणसं इथे राहिली, जेवली, भांडली असतील, खिडकीतून बागेकडे बघत बसली असतील. सोव्हिएत सैन्य 1990 मध्ये गेलं, दुरुस्ती त्याआधीच 80च्या दशकात छपरापासून सुरू झाली होती, आणि 1996 मध्ये म्युझियम उघडलं. मोडकळीला आलेली इमारत त्यांनी उभी केली, त्याचं कौतुक आहेच. दक्षिणेकडच्या भागातलं जुनं थिएटर तर मधल्या काळात मजला घालून खोल्या करून गायबच झालेलं, ते शोधून 2003 मध्ये परत सुरू केलं, याला मात्र माझा सलाम.

पण मग परत आणायचं ते राणीचंच का? राणी काय, यायची नि जायची. आश्रमातली माणसं बारा महिने राहिली, आणि त्यांच्या वाट्याला मला दिसला तो फक्त माहितीतला उल्लेख. मी हे भाचीला जरा मोठ्यानेच बोलले.

"अगं मावशी, मग काय लोखंडी खाटा मांडायच्या का इथे?"

"हो, एक तरी."

"कोण बघायला येईल?"

मी म्हटलं मी आलेय की. तर म्हणे तू राणीचं पोस्टर बघून आलीस. आता यावर काय बोलणार. तिला भूक लागली होती, बागेत न जाता सरळ कॅफेत शिरलो, कॉफी महाग आणि कोमट होती.