“कोण आजारी आहे?”

आईने स्वयंपाकघराच्या दारातूनच विचारलं.

गॅसवर ओट्स रटरटत होते. अर्धी वाटी ओट्स, दीड वाटी दूध-पाणी. आधी चमचाभर तुपात सफरचंदाच्या फोडी परतलेल्या, वर दालचिनी आणि चिमूटभर सुंठ. म्हटलं, “कुणी नाही गं, नाश्ता आहे.”

ती पातेल्यात डोकावली. “लापशीच की ही.” मी गूळ घालणार तोच हात धरला. “आधी खाली उतरव. उकळत्या दुधात गूळ पडला की फाटतं.”

ओट्स तिने जन्मात शिजवले नव्हते. तरी दोन मिनिटांत पातेलं तिच्या ताब्यात. जायफळ काढलं, किसणीवर दोनदाच फिरवलं. “जास्त नको, झोप येईल. ऑफिस आहे ना तुला?”

त्या वासासरशी मी शाळा बुडवलेल्या तापातल्या दुपारी जाऊन पोचले. स्टीलची वाटी, वर तुपाचा थेंब, उशाशी ती.

आणि मी इथे मोबाइलवर रेसिपी बघून मोजूनमापून ‘नवीन’ काहीतरी करत होते! (ओट्सच्या पाकिटाची किंमत तिला सांगितली नाही. उगाच कशाला.)

पण तिचा पहिला प्रश्न दिवसभर डोक्यात घोळतोय. आमच्याकडे सकाळी असं मऊ, गरम, गोड काही फक्त आजाऱ्यालाच मिळायचं. तिने स्वतःसाठी कधी लापशी केलेली मला आठवत नाही. आज वाटीभर तिला दिली, तर ओट्याशी उभ्याउभ्याच खाल्ली.

तुमच्याकडे धडधाकट माणसाला मिळायची का हो लापशी?