संप, सातबारा आणि बाबांचा कांदा

आमचे बाबा नोव्हेंबर २०२२ मध्ये गेले आणि जानेवारी २०२३ मध्ये सरकारच्या अ‍ॅपवर त्यांनी कांद्याची नोंद केली. म्हणजे केली माझ्या धाकट्या भावाने, पण ई-पीक पाहणी (शेतात कुठलं पीक आहे ते अ‍ॅपवरून सातबाऱ्यावर चढवणं) करताना खातेदार निवडायचा असतो आणि यादीत नाव बाबांचंच होतं, मग काय करणार, त्याने तेच दाबलं, कांद्यासोबत फोटो काढला आणि विषय संपवला. आम्हाला वाटलं विषय संपला. तो खरा तिथून सुरू झाला.

आमचं गाव लासलगावपासून आठ-दहा किलोमीटरवर, जमीन सव्वादोन एकर, शेती भाऊ बघतो, मी पुण्यात प्रायव्हेट नोकरीत. त्या वर्षी रांगडा कांदा इतका पडला की फेब्रुवारीत चारशे-पाचशे रुपये क्विंटलने द्यावा लागला, काढणीची मजुरी पण सुटत नव्हती. महिन्याच्या शेवटी लासलगावला शेतकऱ्यांनी लिलाव बंद पाडले ते तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. मग १३ मार्चला सरकारने क्विंटलला ३०० रुपये अनुदान जाहीर केलं, चार दिवसांनी ३५० केलं. १ फेब्रुवारी ते ३१ मार्च या काळात बाजार समितीत विकलेल्या कांद्याला, एका शेतकऱ्याला जास्तीत जास्त २०० क्विंटल. आमचा ६२ क्विंटल गेला होता, म्हणजे २१ हजार ७०० रुपये. अट एकच दिसायला, सातबाऱ्यावर कांद्याची नोंद पाहिजे आणि पैसे ज्याच्या नावावर सातबारा त्याच्या खात्यात. वडिलांच्या नावावर सातबारा आणि विक्रीपट्टी (माल विकल्याची पावती) मुलाच्या नावावर असली तरी चालेल, शपथपत्र द्या, पैसे वडिलांच्या खात्यात जातील असंही म्हटलेलं. वडीलच नसले तर काय, त्याचं उत्तर एकच, आधी वारस नोंद करून आणा, म्हणजे सातबाऱ्यावर बाबांच्या जागी वारसांची नावं लावून आणा.

वारस नोंद आम्ही करत होतोच, अगदी झोपलो नव्हतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १४९ प्रमाणे वारसाने तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवायचं असतं, ते आम्ही जानेवारीतच कळवलं. मृत्यूचा दाखला, आठ-अ, सातबारा, सगळ्यांचे आधार, रेशनकार्ड, पोलीस पाटलांचा दाखला, आणि वारसांचं शपथपत्र शंभरच्या स्टॅम्पवर (असं शपथपत्र साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प माफ आहे, हे मला फार नंतर कळलं, तोवर दोन स्टॅम्प झाले होते). दोन यासाठी की ताईच्या आधारवर सासरचं नाव आणि आमच्या रेशनकार्डावर माहेरचं, मग "ती हीच" असं वेगळं लिहून द्यायचं. गावात दोघंतिघं म्हणाले बहिणीचं नाव घालताच कशाला, नंतर हक्कसोड करत बसाल, सरळ आई आणि दोघं भाऊ लावा. हे सल्ले देणारे लोक नंतर कोर्टाच्या तारखांना दिसतात. आम्ही चारही नावं घातली.

आमच्या तलाठी भाऊसाहेबांकडे तेव्हा चार गावांचा चार्ज होता. स्वतःचा सजा (नेमून दिलेला भाग) एक, बाकी अतिरिक्त कार्यभार, कारण तिथल्या जागा रिकाम्या. आमच्या गावात ते मंगळवार आणि शुक्रवार बसायचे, तेही तहसीलला मीटिंग नसली तर. माणूस खडूस नव्हता, उगाच नाही म्हणणार नाही, पण त्यांच्या टेबलावर चार गावांचे गठ्ठे आणि लॅपटॉपवर सर्व्हर डाऊन. शेजारी एक पोरगा बसतो जो सरकारी नाही, सगळे त्याला झिरो तलाठी म्हणतात, त्याचा पगार कोण देतं हे कोणी विचारत नाही आणि विचारू पण नये असं वातावरण असतं. तर १० मार्चच्या शुक्रवारी आमचे कागद एकदाचे पूर्ण झाले आणि भाऊसाहेब म्हणाले, मंगळवारी या, नोंद धरतो.

मंगळवार म्हणजे १४ मार्च २०२३. मी आठवड्याची सुट्टी टाकून गावी आलो होतो. ऑफिसला कुलूप. राज्यभरातले सरकारी, निमसरकारी कर्मचारी, शिक्षक, जिल्हा परिषदेवाले सगळे त्या दिवसापासून बेमुदत संपावर, एकच मिशन, जुनी पेन्शन. बाहेर ओट्यावर कोतवालमामा बसलेले. मी म्हटलं मामा तुम्ही नाही गेलात का, तर म्हणाले, मला कुठली पेन्शन, मी मानधनावर, साडेसात हजार. (त्यांचं मानधन त्याच वर्षी १५ हजार झालं, पण त्या दिवशी साडेसातच होतं.) तेव्हा तलाठ्याचं मूळ वेतन सातव्या वेतन आयोगात २५,५०० पासून सुरू, भत्ते वेगळे, आणि गावात नोटिसा फिरवणारा, पंचनाम्याला पुढे चालणारा माणूस साडेसातवर. एकाच ऑफिसात एक झिरो, एक मानधनवाला, एक नवीन पेन्शनवाला, आणि साहेबांचे साहेब जुन्या पेन्शनवाले. हे गणित मला त्या ओट्यावर पहिल्यांदा नीट दिसलं.

आता खरी गंमत पुढे आहे, आमचे दाजी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक, २००९ ला लागलेले, ते पण संपावर. संध्याकाळी घरी आले ते डोक्यावर 'जुनी पेन्शन' लिहिलेली टोपी घालूनच. भाऊ तापलेलाच होता, म्हणाला, दाजी, तुमच्या पेन्शनपायी आमच्या बाबांची नोंद अडकली, आणि त्या नोंदीत तुमच्या बायकोचं पण नाव आहे बरं का. ताई आत चहा टाकत होती, तिने काही न बोलता दाजींच्या कपात साखर घातलीच नाही, हे मला नंतर कळलं.

दाजींनी पण ऐकून नाही घेतलं. म्हणाले, १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेल्याला शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन आणि वर महागाई भत्ता, आणि आमच्या पगारातून दर महिन्याला दहा टक्के कापतात, सरकार चौदा टाकतं, ते बाजारात लावतात, शेवटी किती मिळेल ते बाजार ठरवणार, तुझ्या कांद्यासारखं. भाऊ म्हणाला, निदान तुम्हाला बाजार साठाव्या वर्षी लागतो (खरं तर शिक्षकांना अठ्ठावन्नाव्या, पण त्याचा मुद्दा कळला), आम्हाला दर फेब्रुवारीत लागतो. मग माजी आमदारांना पन्नास हजार पेन्शन कशी मिळते तो विषय निघाला, त्यावर मात्र दोघांचं एकमत झालं आणि जेवणं झाली.

मी कोणाच्या बाजूने होतो खरं सांगू, त्या रात्री मला ठरवता आलं नाही. डिसेंबरमध्ये नागपूरच्या अधिवेशनात फडणवीस म्हणाले होते की जुनी पेन्शन दिली तर १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडेल, राज्य दिवाळखोरीत जाईल. असेल, आकडा मोठा आहे. पण पगार आणि पेन्शन परवडत नाही म्हणून सरकार जे करतं ते पेन्शनच्या भाषणात कधी येत नाही, ते म्हणजे जागाच भरत नाही. चार गावांना एक तलाठी ठेवला की तीन पगार वाचतात, हिशेबात बचत दिसते, आणि ते तीन पगार मग आम्ही भरतो, पेट्रोलने, सुट्ट्यांनी, खाडे करून. माझ्या त्या आठवड्याच्या रजा कुठल्या बजेटमध्ये धरल्या आहेत ते मला कोणी दाखवावं.

संप सुरू झाला त्याच दिवशी विधिमंडळात मेस्माचं, म्हणजे अत्यावश्यक सेवेतले संप रोखायच्या कायद्याचं, विधेयक मंजूर झालं, त्यामुळे गावात अफवा की आता सगळ्यांना आत टाकणार. कोणालाही आत टाकलं नाही. उलट १५ तारखेपासून अवकाळी सुरू झाला, गारा पण झाल्या, शेजारच्या द्राक्षबागेत घड खाली पडलेले आणि पंचनामा करायला कोणी नाही, कारण पंचनामा करणारे सगळेच संपावर, तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक. त्या बागवाल्या काकांनी मोबाईलवर फोटो काढून ठेवले, तारीख दिसेल असे, आणि म्हणाले बघू कोणाला दाखवायचे ते. आमचा कांदा विकून झाला होता म्हणून आम्ही वाचलो.

२० मार्चला सोमवारी संप मागे. माझी सुट्टी संपून मी पुण्यात परत. २१ ला मंगळवारी भाऊ गेला तर भाऊसाहेब पंचनाम्याला शेतात, २२ ला गुढीपाडवा, २४ ला शुक्रवारी परत पंचनामे. यात त्यांना दोष कसा द्यायचा, चार गावं आणि सगळीकडे गारपीट. शेवटी २८ मार्चला नोंद धरली. आधी वारस रजिस्टर म्हणजे नमुना सहा-क, मग फेरफार, म्हणजे नावं बदलल्याची नोंद, आणि मग हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस. इकडे कांदा अनुदानाचे अर्ज ३ एप्रिलपासून सुरू, शेवटची तारीख २० एप्रिल.

आता कॅलेंडर काढून बघा. आमच्या गावाचे वार मंगळवार आणि शुक्रवार. ४ एप्रिल मंगळवार, महावीर जयंती. ७ एप्रिल शुक्रवार, गुड फ्रायडे. १४ एप्रिल शुक्रवार, आंबेडकर जयंती. भाऊ मला फोनवर म्हणाला, देवाधर्माला नाव ठेवत नाही पण सगळे आपल्याच वारी जन्मले का रे. मधल्या ११ तारखेच्या मंगळवारी गेला तर नोटिशीची मुदत पूर्ण व्हायला एक दिवस कमी.

१२ ला मुदत संपली, हरकत कोणाची नाही, आता नोंद मंजूर करणार सर्कल म्हणजे मंडळ अधिकारी. सर्कल साहेबांकडे तर पूर्ण मंडळाच्या नोंदी, आणि मंजुरी ऑनलाइन, त्यांच्या लॉगिनला. मी पुण्यातून रोज मोबाईलवर फेरफाराची स्थिती बघायचो, ऑफिसात मॅनेजरला वाटलं मी शेअर बाजार बघतोय. शेवटी दाजी कामी आले. सर्कल साहेब आणि दाजी संपात तहसीलसमोर सात दिवस एकाच सतरंजीवर बसलेले, ओळख झालेली, दाजींनी फक्त फोन करून सांगितलं की २० तारखेची अडचण आहे. १८ ला नोंद मंजूर. ज्या संपाने नोंद अडली त्याच संपाच्या ओळखीने ती सुटली. हे मला आवडलं असं नाही, कारण ज्यांचे दाजी सतरंजीवर नव्हते त्यांचं काय झालं, आमच्याच यादीत अजून सहा-सात वारस नोंदी होत्या.

१९ ला नवीन सातबारा निघाला, चार नावं. मग पैसे भावाच्या खात्यात जावेत म्हणून आई, ताई आणि मी संमती द्यायची, मी त्यासाठी रात्रीच्या एसटीने आलो, आणि २० ला बाजार समितीत रांगेत. रांग गेटच्या बाहेर. अर्ज दिला, आणि मग मुदत ३० एप्रिलपर्यंत वाढली. तुम्हाला हसू येईल, मला त्या दिवशी आलं नाही.

पैसे सप्टेंबरमध्ये आले, तेही पूर्ण नाही, नाशिकसारख्या जास्त मागणीच्या जिल्ह्यांना पहिल्या टप्प्यात दहा हजारांपर्यंतच, बाकीचे तुकड्यातुकड्यांनी. दाजींच्या संपाचं म्हणाल तर तेव्हा तीन निवृत्त अधिकाऱ्यांची समिती नेमली गेली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राची एकीकृत पेन्शन योजना आली तिला राज्याने दुसऱ्याच दिवशी मान्यता दिली. दाजी म्हणतात ही पण ती नाही. टोपी त्यांनी अजून ठेवली आहे.

त्याच २०२३ मध्ये तलाठी भरती निघाली, साडेचार हजारांच्या वर जागा आणि अर्ज दहा लाखांच्या पुढे, फी खुल्याला हजार आणि आरक्षित प्रवर्गाला नऊशे. कोतवालमामांच्या पोराने पण नऊशे भरून फॉर्म टाकला होता, त्याचं झालं नाही. आणि आमच्या नवीन सातबाऱ्यावर आईच्या नावात एक वेलांटी चुकलेली आहे, ती दुरुस्त करायला कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करावा लागतो. भाऊ म्हणतो, राहू दे, पुढच्या संपाच्या आत करून टाकू.