रोवळी रिकामी धाडू नको

वेंगुर्ल्याच्या आमच्या घरी फणस फोडायचा म्हटलं की आधी तेलाची वाटी आणि बांबूची रोवळी मांडली जाई. तेल हातासाठी, रोवळी आठळ्यांसाठी, म्हणजे गऱ्यातल्या बियांसाठी. गरा तोंडात, आठळी रोवळीत. एखादी अंगणात भिरकावली की आजी माजघरातून ओरडे, "टाकू नको रे! पावसात मासो खंय गावतलो तुका?"

हल्ली १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींच्या मासेमारीला सरकारी बंदी असते. आजीच्या लेखी ती बंदी समुद्रानेच घातलेली, नारळी पौर्णिमेपर्यंतची. तेवढ्या दिवसांची बेगमी म्हणजे सुकट, आमसुलं, खारातले आंबे आणि या आठळ्या.

आठळ्या धुऊन बुळबुळीतपणा काढायचा आणि सावलीत पसरायच्या. मग लाल मातीचा दाट चिखल करून त्यात घोळवायच्या. हे काम आम्हा पोरांचं, त्यामुळे आठळ्यांपेक्षा आम्हीच जास्त माखायचो. माती वाळली की चुलीमागच्या कोपऱ्यात ढीग. श्रावणातसुद्धा त्यातली आठळी काढून धुतली की आतून ओलसर, टवटवीत असे. मिठाच्या पाण्यात उकडायची, वरचं पांढरं कागदासारखं साल काढायचं, आतलं तांबूस तसंच ठेवायचं. टाकळ्याच्या भाजीत चार आठळ्या ठेचून घातल्या की भाजी दोन माणसांना जास्त पुरे. सुकटीबरोबर तर बटाट्याने लाजावं. निखाऱ्यात भाजायची असेल तर आधी टोक उडवायचं, नाहीतर फाटकन फुटते आणि राख डोळ्यात. (मला हे दोनदा कळलं.)

आजीला कोणी चिक्कू म्हणू नये. तिला एकटीने फणस खाणं माहीतच नव्हतं; अर्धा फणस शेजारीपाजारी जाई. फक्त गरे नेणाऱ्या पोरीला ती पायरीवरून बजावी, "रोवळी रिकामी धाडू नको गो!" गरे तुमचे, आठळ्या आमच्या. शेजारणींनाही यात काही वावगं वाटत नसे. त्यांच्याकडून आलेल्या फणसाच्या आठळ्या आमच्याकडून तशाच परत जात.

गेल्या मे महिन्यात गावाहून कापा फणस घेऊन मुंबईला आलो. आठळ्या प्लॅस्टिकच्या डब्यात घट्ट झाकून ठेवल्या. पंधरा दिवसांत हिरवी बुरशी. उरलेल्या वाचवायला नर्सरीतून लाल माती आणली. ती पिशवी टेम्पोभाड्यासकट फणसापेक्षा महाग पडली. हा हिशेब आजीला सांगायची हिंमत मला झाली नसती.

त्या मातीत घोळवलेल्यांतली एक परवा बाल्कनीत सापडली. तिला बोटभर कोंब आलाय. बायको विचारते, चौथ्या मजल्यावर फणस लावणार आहात का? तसा काही विचार नाही. पण टाकवतही नाही, म्हणून तुळशीच्या कुंडीत खोचून ठेवलीय.