समेटाला पानं कमी पडतात

आजच्या काळात घडणारी रोमान्स कादंबरी वाचून संपली की अनेकदा मन दोन्हीकडे ओढलं जातं. पहिली दोनशे पानं कुणाला तरी लगेच वाचायला द्यावीशी वाटतात आणि शेवटच्या ऐंशी पानांचा राग आलेला असतो. ‘छान आहे, पण...’ एवढं म्हणून विषय सोडला तर पुस्तकावर अन्याय होतो. तो ‘पण’ कुठे आहे, हे पानावर बोट ठेवून सांगता येतं आणि मला तो बहुतेक वेळा एकाच जागी सापडतो: दुराव्यानंतरच्या समेटात.

शेवट गोड होणार हे आधीच कळतं, ही तक्रार मला पटत नाही. रहस्यकथेत खुनी सापडणार हे ठाऊक असूनही आपण ती वाचतोच. दोघं एकत्र येणार हे इथे ठरलेलंच असतं. ती आत्ता एकत्र का नाहीत आणि ते कारण कशाने दूर होईल, यात खरी उत्सुकता असते. पामेला रेजिस यांनी २००३ साली ‘अ नॅचरल हिस्टरी ऑफ द रोमान्स नॉव्हेल’मध्ये या प्रकाराचे आठ घटक मांडले. भोवतालचा समाज, भेट, अडथळा, ओढ, प्रेमाची कबुली, सगळं संपलं असं वाटायला लावणारा क्षण, उमज आणि एकमेकांना दिलेलं वचन. क्रम मागेपुढे झाला तरी चालतो. मन द्विधा करणारी कादंबरी भेट आणि ओढ जीव ओतून लिहिते. अडथळा आणि उमज मात्र उरकून टाकते.

ओढ चांगली जमली की काय होतं, याचा एक नमुना पाहू. एका ऑफिसात एकमेकांशी सतत वाद घालणारे दोघं. तिसऱ्या प्रकरणात ती सहज बोलून जाते की मध्येच कुणी तोडलं की आपल्याला पुढचं सुचत नाही. नवव्या प्रकरणात भर बैठकीत भलताच कुणीतरी तिला तोडतो आणि इतके दिवस तिचा प्रत्येक मुद्दा खोडणारा नायक म्हणतो, ‘त्यांचं बोलून होऊ दे.’ बास. ना स्पर्श, ना वर्णन. तो ऐकत होता, हे वाचकाला नायिकेच्या आधी कळतं. असे चार-पाच प्रसंग नीट अंतर ठेवून पेरले की दोघांवर आपला विश्वास बसतो. हे काम सोपं नाही, म्हणूनच अशा पुस्तकाला सरसकट टाकाऊ म्हणवत नाही.

मग येतो दुरावा. ३२० पानांच्या कादंबरीत तो साधारण २४०व्या पानाच्या आसपास येतो, कारण कथानकाचे बरेच आराखडे त्याला पाऊण वाटेवर, म्हणजे ७५ टक्क्यांच्या खुणेवर बसवतात. जागा आधी ठरते, कारण मागाहून शोधलं जातं. परगावच्या नोकरीचा ईमेल तिला त्याच्या फोनवर दिसतो, ती काही न विचारता निघून जाते. इथे एक साधी परीक्षा करून पाहावी: पाच मिनिटांच्या बोलण्याने हे मिटलं असतं का? मिटलं असतं, तर तो अडथळा नव्हे, नुसती अडवणूक. दुसरी परीक्षा अशी की पहिल्या शंभर पानांत या भांडणाचं बी होतं का. न विचारता निघून जाणं हाच तिचा जुना स्वभाव असेल आणि तो आपण आधी दोनदा पाहिला असेल, तर तोच ईमेल चालतो. पहिल्यांदाच घडत असेल तर लेखिकेने तिला ढकलून बाहेर काढलं, हे दिसतं.

दोघांच्या तोंडून आळीपाळीने सांगितलेल्या कादंबरीत हे आणखी खटकतं. एकाच बाजूचं निवेदन असलं की वाचकही गैरसमजात सामील असतो, तिच्याइतकाच दुखावतो. इथे मात्र त्याने ती नोकरी कालच नाकारली, हे आपण मागच्या प्रकरणात वाचलेलं असतं. मग तिचं रडणं ऐकताना दया येण्याऐवजी आपण चिडतो.

आता उरलेल्या ऐंशी पानांचा हिशोब मांडून बघा. दहा पानं भांडणाला, पंचवीस झुरण्याला आणि मैत्रिणीच्या समजुतीला, पंधरा पुढच्या वर्षाच्या उपसंहाराला. समेटाला तीस राहिली, त्यातली अर्धी धावपळीची. माणूस बदलायला जागाच उरत नाही. याउलट जेन ऑस्टेनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ पाहा. १८१३ची ही कादंबरी ६१ प्रकरणांची. नायक डार्सीची लग्नाची पहिली मागणी ३४व्या प्रकरणात नायिका एलिझाबेथ फेटाळते, म्हणजे निम्म्याच्या थोडं पुढे. दुसरी येते थेट ५८व्यात. मधल्या प्रकरणांत एलिझाबेथ त्याचं पत्र पुन्हा पुन्हा वाचते, त्याच्या घरी त्याच्याविषयी नोकरांकडून ऐकते, आणि तिची धाकटी बहीण लिडिया पळून जाते ती भानगड तो निस्तरतो. तेही एलिझाबेथला कळू नये अशा बेताने. आजच्या कादंबरीने तो काळ, ती भाषा उचलावी असं मी म्हणत नाही. भांडण साठ टक्क्यांवर आणलं, तरी पुष्कळ साधेल.

माफीचा प्रसंग तर पुस्तकाचा कस लावतो. गर्दीसमोरचं भाषण मला नेहमीच कमी वाटतं, कारण चारचौघांत नकार देणं समोरच्याला अवघड जातं. खरी माफी तीन गोष्टींनी भरते: नेमकं काय चुकलं ते नाव घेऊन सांगणं, त्याने समोरच्याचं काय गेलं हे ओळखणं, आणि सांगायला येण्याआधीच काहीतरी बदललेलं असणं. तिसरी गोष्ट हटकून गाळली जाते. तिच्या जागी हल्ली समुपदेशकाच्या खोलीतली वाक्यं येतात. दोघंही आपल्या बालपणाच्या जखमांचं निदान इतकं नेटकं सांगतात की वाचकाला स्वतः ओळखायला काहीच राहत नाही. जखम खरी असते, पण ती वागण्यातून दिसायला हवी. त्याच नायिकेने पुढच्या वेळी दारापर्यंत जाऊन परत फिरावं आणि विचारावं, ‘हा ईमेल काय आहे?’ एवढ्या एका ओळीने जे होईल, ते दोन पानी कबुलीजबाबाने होत नाही.

उपसंहारातल्या अंगठ्या आणि पाळणे मला नकोत असं नाही. पण ते पुरावा म्हणून येतात तेव्हा पुस्तकाला स्वतःचाच भरवसा नव्हता, हे कळतं.

मैत्रिणीचंही तेच. तिचा फोन फक्त नायिका रडत असतानाच वाजत असेल, तर तिला आयुष्य दिलेलंच नाही.

म्हणून अशा पुस्तकाची शिफारस करताना मी दोन भाग सरळ वेगळे सांगते. संवादांसाठी वाचा, विशेषतः पन्नासाव्या पानापासून दोनशेपर्यंत. दुराव्याचं प्रकरण आलं की पहिल्या शंभर पानांत त्याचं बी होतं का, हे मागे जाऊन तपासा. सापडलं तर शेवटाला सवड द्या, तो दुसऱ्या वाचनात अधिक पटतो. नसेल, तर पुढची पानं भराभर चाळली तरी काही निसटत नाही.