खडूची चौकट

आप्पांनी किंमत विचारली नाही, हप्ताही नाही. हिंजवडीच्या टू बीएचकेचा नकाशा चष्मा पुसून पाहिला, टेप आणला आणि सोप्यातल्या शहाबादी फरशीवर खडूनं दहा बाय अकराची बेडरूम आखली. मग एवढंच म्हणाले, "आल्यागेल्यानं झोपायचं कुठं गं?"

तीन दिवस झाले, तो प्रश्न डोक्यातून जात नाही.

राग आलाय. सहा वर्षं पै-पै साठवली, तेव्हा कुठं ६४० चौरस फूट कार्पेट, तेही वीस वर्षांच्या कर्जावर. एकदा 'बरं झालं पोरी' म्हटलं असतं तर? टीममधल्या सगळ्यांनी तोंड भरून अभिनंदन केलं. बेंगळुरूच्या मित्रानं घरात शिरण्याआधीच दहा महिन्यांचं भाडं डिपॉझिट म्हणून भरलंय. विकत घेणं त्याच्या मनातही नाही. जर्मनीला गेलेल्या मैत्रिणीला भाड्याचं घर मिळालं, तर स्वयंपाकघरात नुसत्या भिंती आणि नळाची जोडणी. ओटा, सिंक, शेगडी सगळं तिनंच बसवलं. तिकडे बऱ्याच ठिकाणी असंच असतं म्हणे. या दोघांपुढं मी स्वतःच्या घराची मालकीण. आणि कोल्हापूरजवळच्या आमच्या कळंब्याच्या घराच्या दोन गुंठ्यांपुढं, म्हणजे २१७८ चौरस फुटांपुढं, माझं घर म्हणजे एक खोली.

आल्यागेल्यानं झोपायचं कुठं. पुण्यात हे मला कुणीच विचारलं नाही. बिल्डरच्या माणसानं पार्किंग दाखवलं, जिम दाखवली.

काल आई माळ्यावरच्या गाद्या उन्हात टाकत होती, तेव्हा २०१९चा ऑगस्ट आठवला. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, आणि पाणी ५५च्या वर. आत्याचं शुक्रवार पेठेतलं घर पाण्यात. याच सोप्यात चौदा माणसं आठवडाभर झोपली होती. मी पुण्यात अडकलेली, हायवे बंद. फोनवर मागं लहान पोरांचा कालवा ऐकू यायचा, आणि आत्या… ते राहू दे.

सकाळी आईनं फरशी पुसली, पण खडूच्या रेघा तेवढ्या सोडल्या. रात्री जेवणं झाल्यावर मी त्या चौकटीत गाद्या घालून पाहिल्या. शेजारी शेजारी तीन बसल्या. आप्पा दारात येऊन उभे राहिले, बराच वेळ बघत होते.

"चौथी आडवी घाल की, पायथ्याला."

बसली.