चाळीस मिनिटांचा हंगाम

कोकणातल्या एखाद्या कॉलेजच्या कबड्डी संघाचं वर्षभराचं वेळापत्रक मागितलंत, तर बहुतेक वेळा ते एका ओळीत मावतं. वीस मिनिटं खेळ, पाच मिनिटं विश्रांती, परत वीस मिनिटं खेळ. मुंबई विद्यापीठाच्या कोकण झोनच्या सामन्यांत बाद पद्धत असते. पहिलाच सामना हरलात की किट बॅगेत आणि वर्ष खिशात. दिवसभरात सामने उरकायचे असले तर डाव पंधरा-पंधराचे करतात, म्हणजे तेवढी दहा मिनिटंही गेली.

आणि हीच पोरं दिवाळीनंतर मे महिन्यापर्यंत मंडळांच्या स्पर्धांत रात्री अडीच-तीनपर्यंत खेळत असतात. माघी गणपती, शिवजयंती, शिमगा, गावची जत्रा, कुठलंही निमित्त पुरतं. कबड्डीची वानवा अजिबात नाही, ती भलत्याच महिन्यांत येते एवढंच. पोरगा मे महिन्यात ऐन फॉर्मात असतो. नंतर तीन-चार महिने पाऊस पाहत बसतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात, हातपाय आखडलेले असताना, कॉलेजची जर्सी घालतो. कोकणातला कॉलेज संघ कुठे मार खातो याचं माझ्या मते निम्मं उत्तर इथेच आहे. उरलेलं निम्मं पायाखाली आहे, त्याच्याकडे येतोच.

आधी कॅलेंडर. जूनमध्ये प्रवेश, जुलैत संघाची नावं. १५ जुलै हा कबड्डीचे जुने संघटक बुवा साळवींचा जन्मदिवस, महाराष्ट्रात तो कबड्डी दिन म्हणून पाळतात. हार-नारळ होतो, भाषणं होतात, आणि बाहेर पाऊस इतका की मैदानाचं तळं झालेलं असतं. रत्नागिरीच्या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा याच चार महिन्यांत. मग गणपती. ते २०२५ ला २७ ऑगस्टला आले, २०२६ ला १४ सप्टेंबरला. या अठरा दिवसांनी सरावाचं सगळं गणित बदलतं. गणपती लवकर असले तर विसर्जनानंतर झोनच्या सामन्यांआधी निदान काही आठवडे मिळतात. उशिरा असले की अनंत चतुर्दशीच २५ सप्टेंबरला, आणि पुढे लगेच हळवी भातं कापणीला. ज्याच्या घरी शेत आहे तो खेळाडू त्या आठवड्यात मिळत नाही, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. म्हणून उशिराच्या गणपतीच्या वर्षी सराव ऑगस्टमध्येच उरकायचा, गणपतीनंतर बघू म्हणायचं नाही.

वजनही तेव्हाच बघायचं. पुरुषांना मर्यादा ८५ किलोची, महिलांना ७५ ची. कॉर्नरला खेळणारा भरभक्कम पोरगा ८४ वर असेल तर उकडीच्या मोदकांचे पाच दिवस त्याला काट्याच्या पलीकडे न्यायला पुरतात. वजनाच्या दिवशी सकाळी उपाशीपोटी धावायला लावणं हा यावरचा उपाय नव्हे. तो पहिल्या डावातच दमतो.

पावसात सराव कुठे करायचा? बहुतेक कॉलेजांकडे एक सभागृह असतं, फरशी गुळगुळीत. तिथे पकडी करू नयेत, गुडघे आणि कोपरं फुटतात. जिम्नॅस्टिकच्या गाद्या जोडून त्यावर खेळणं तर त्याहून वाईट, दोन गाद्यांच्या फटीत पाय अडकला की घोटा गेला. पण अर्धं मैदान खडूनं आखता येतं. पुरुषांचं अर्धं मैदान साडेसहा मीटर लांब, दहा मीटर रुंद. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदान रेषा, म्हणजे चढाईपटूला ओलांडावीच लागते ती, तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा, तिथून अंतिम रेषेपर्यंत उरतात पावणेदोन मीटर. मुलींचं अर्धं मैदान सहा मीटरचं, निदान रेषा तीनवर, बोनस चारवर, मागे दोन मीटर. एवढ्या जागेत चढाईची पावलं, हात धरलेल्या बचावपटूंच्या साखळीचं सरकणं आणि बोनसचा पाय हे तिन्ही व्यवस्थित बसवता येतात.

बोनसचा पाय मुद्दाम म्हटलं. गावच्या स्पर्धेत चढाईपटू पुढचा पाय रेषेपलीकडे टेकवतो आणि वळतो. मागचा पाय त्या क्षणी जमिनीवरून सुटलेला होता का, हे तिथे फार कोणी बघत नाही. विद्यापीठाचा पंच बघतो. मागचा पाय घासत आला की बोनस नाही. समोर सहापेक्षा कमी बचावपटू असले तर पाय कितीही सुरेख पडो, गुण शून्य. फरशीवर खडूची रेष मारून रोज वीस-पंचवीस वेळा फक्त हेच करायला लावा, तेही आरशासमोर नाही, बाजूला एक जण मागच्या पायाकडे बघायला बसवून.

आता पायाखालचं. आपली पोरं लाल मातीवर, अनवाणी वाढलेली. मोठ्या स्पर्धा मॅटवर. मातीवर पाय थोडा घसरतो आणि ते घसरणं गृहीत धरूनच शरीर वळतं. मॅटवर बूट चिकटतो. वरचं अंग वळतं, पाय तिथेच राहतो आणि गुडघा पिळतो. मातीत खरचटतं, मॅटवर लिगामेंट जातं. शिवाय मातीवर पाय खेचून माघारी यायची सवय लागलेली असते. मॅटवर तेच केलं की बूट अडकून चढाईपटू आपणच तोंडावर पडतो, पकड करणाऱ्याला काही करावंच लागत नाही. दुसरी चूक राखीव क्षेत्राची. दोन्ही बाजूंचा एकेक मीटर, झटापट झाल्याशिवाय त्यात पाय टाकायचा नाही. गावच्या मैदानावर फक्कीची रेष दहा मिनिटांत पुसली जाते, पुढचा सगळा खेळ अंदाजानं चालतो. मॅटवर त्या पट्ट्याचा रंगच वेगळा असतो. कोणी हात न लावता आपल्या पायानं बाद होणारे सर्वांत जास्त आपल्याकडचे, आणि ते प्रत्येक वेळी पंचाशी भांडतात.

मॅट घ्यायची तर हिशेब साधा आहे. एक मीटर बाय एक मीटरचे तुकडे, तेरा बाय दहासाठी १३०. चारही बाजूंना एकेक मीटर जास्त धरलात तर पंधरा बाय बारा, म्हणजे १८०. कडेचे तुकडे वाचवू नका, अंतिम रेषेवरच्या पकडीत चौघंजण एकावर एक बाहेर कोसळतात आणि खाली सिमेंट असतं. अंथरताना कोपऱ्यापासून सुरू केलं तर प्रत्येक सांध्याचा थोडा थोडा फरक साठत जातो आणि दुसऱ्या टोकाला तुकडा बसत नाही. मध्यरेषेपासून दोन्हीकडे जावं. आपल्या हवेत खरा शत्रू ओल. घामेजलेली मॅट एकावर एक रचून कोंदट खोलीत ठेवली की पंधरा दिवसांत काळे ठिपके आणि वास. पुसून, पंख्याखाली कोरडी करून, कडेवर उभी लावायची. सुकवायला कडक उन्हात टाकायची नाही, तुकडे वाकतात आणि दात एकमेकांत बसेनासे होतात.

मॅट नसेल तर मातीचं मैदान तरी नीट हवं. पाऊस ओसरला की वरचा थर खणून जांभ्याचे खडे वेचायचे. हे काम कंटाळवाणं आहे आणि सगळे इथेच हात आखडता घेतात. सुपारीएवढा एक खडा कोपर फाडायला पुरतो. माती चाळून चार-पाच इंचांचा थर द्यायचा, पाणी मारायचं, ओल मुरली की रोलर फिरवायचा. रोलर नसेल तर घरचं खळं चोपतात तसं चोपण्यानं चोपायचं, घरातल्या मोठ्यांना त्यातलं आपल्यापेक्षा जास्त कळतं. खळ्याइतकं टणक मात्र करायचं नाही आणि शेणाचा जाड सारवाही नको, वरचं अर्धा इंच भुसभुशीत राहू द्यायचं. पाणी आदल्या संध्याकाळी. सामन्याच्या तासभर आधी पाणी मारलं की वर साबणासारखा चिखल होतो.

आखताना कर्ण मोजायला विसरू नका. तेरा बाय दहाचा कर्ण १६.४० मीटर, मुलींच्या बारा बाय आठचा १४.४२. दोन्ही कर्ण सारखे आले म्हणजे मैदान काटकोनात, नाहीतर एका बाजूचा कोपरारक्षक हातभर जास्त जागा राखत बसतो. चारही कोपऱ्यांत खुंट्या ठोकून त्यांची डोकी मातीखाली बुडवून ठेवा. मध्यंतराला दोरी लावली की रेषा परत जशीच्या तशी मारता येते. आणि रेषांना फक्कीच वापरा. स्वस्त पडतो म्हणून कळीचा चुना आणणारे अजून आहेत. घामावर तो भाजतो आणि डोळ्यात गेला तर प्रकरण दवाखान्यावर जातं.

खुन्नस हा आपल्याकडे स्वतंत्र विषय. लोकांना वाटतं की ती दोन कॉलेजांत असते. खरी खुन्नस कॉलेजच्या संघाच्या आतच असते. डावा कोपरारक्षक एका मंडळाचा, डावीकडचा कव्हर, म्हणजे त्याला साथ देणारा बचावपटू, शेजारच्या वाडीतल्या मंडळाचा. फेब्रुवारीत या दोघांनी एकमेकांचे घोटे धरलेले असतात, अंतिम सामन्यात वाद झालेला असतो, आणि सप्टेंबरात त्यांनी हातात हात घालून साखळी करायची. होतं काय, की चढाईपटू कोपऱ्यावर येतो, कोपरारक्षक घोट्यावर झेपावतो आणि कव्हर अर्धा क्षण उशिरा पोहोचतो. मुद्दाम नाही, त्याला खुणेची सवयच नसते. प्रत्येक मंडळाची खूण वेगळी, कुठे करंगळी दाबतात, कुठे मनगट. पहिल्याच दिवशी एक खूण ठरवा आणि दोन मंडळांच्या खेळाडूंना सरावात एकाच बाजूला ठेवा. वेगळ्या बाजूला उभे करून भांडण टाळणारे प्रशिक्षक स्वतःची सोय बघतात.

कॉलेजांमधली चुरस त्यामानानं सरळ आहे. उत्तरेकडे अलिबाग-पेणचा पट्टा कबड्डीचा जुना बालेकिल्ला, तिथला संघ आंतरझोनमध्ये समोर आला की चढाईत दम असतो. दक्षिणेकडचे संघ पकडीवर जगतात. मुंबई-ठाण्याची कॉलेजं बारा महिने मॅटवर असतात आणि घड्याळ खेळवणं त्यांना चांगलं जमतं. सात गुणांची आघाडी घेतली की पहिल्या दोन चढाया रिकाम्या, तिसरी निर्णायक, म्हणजे गुण आणला नाही तर चढाईपटू बाद, ती पण अंगावर न घेता. यावर उतावीळ होऊन निदान रेषेच्या पुढे धावत पकड करायला जाणं म्हणजे त्यांना हवं तेच देणं. बचावात तिघं किंवा त्याहून कमी उरले असताना केलेली पकड दोन गुणांची असते, मागे असलेल्या संघानं ती संधी शांतपणे ताटकळत घ्यावी.

सामना बरोबरीत सुटला की पुढे काय, हे ऐनवेळी कोणालाच माहीत नसतं. पाच-पाच चढाया. सातही जण मैदानात, बाद झालेला बाहेर जात नाही, निदान रेषा हीच बोनस रेषा. पाच वेगवेगळ्या चढाईपटूंची नावं क्रमानं पंचांकडे आधी द्यायची. संघात खरे चढाईपटू दोन-तीनच असतात, चौथं आणि पाचवं नाव कोणाचं यावर तिथेच कुजबुज सुरू होते आणि मग धडधाकट कोपरारक्षकाला ढकलतात. त्याला ३.७५ मीटरवर पाय टाकून परत यायला आधी शिकवलं असतं तरी एक गुण होता.

जिंकलात तर पुढचा जिना असा: झोन, आंतरझोन, मग वैयक्तिक निवडीतून विद्यापीठाचा बारा जणांचा संघ, पश्चिम विभाग आंतरविद्यापीठ, अखिल भारतीय, आणि त्यातून २०२० ला भुवनेश्वरात सुरू झालेल्या खेलो इंडिया युनिव्हर्सिटी गेम्स. वय १७ पूर्ण आणि २५ च्या आत. यात खेळापेक्षा कागदावर बाद होणारे काही कमी नाहीत. दहावीच्या दाखल्यावरची जन्मतारीख आणि ओळखपत्रावरची एकच हवी, यंदाच्या फीची पावती हवी, प्राचार्यांची सही आणि शिक्का दोन्ही हवेत. मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत, कारण पाऊस.

मुंबईला जायचं तर कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक बघून तिकिटं काढा, त्या काळात गाड्या हळू चालतात. ऑक्टोबरात ते संपतं, तेव्हा जाताना एक वेळ आणि येताना दुसरी असं होऊ शकतं. सावंतवाडीहून संध्याकाळची तुतारी धरली की सकाळी दादर, पण बसून रात्र काढलेल्या पायांनी दहाचा सामना खेळायचा नसतो. एक दिवस आधी पोहोचा. तो मुक्काम परवडत नाही म्हणणारं कॉलेज सत्काराच्या शालींवर तेवढेच पैसे घालवतं.

विजेतेपदांच्या इतिहासाचं म्हणाल तर राज्याचा इतिहास लोकांना तोंडपाठ असतो. जानेवारी २०१८ मध्ये हैदराबादला महाराष्ट्रानं सेनादलाला ३४-२९ असं हरवून राष्ट्रीय विजेतेपद आणलं, रिशांक देवाडिगा कर्णधार होता, हे कोणीही सांगेल. आपल्याच कॉलेजनं झोन कधी जिंकला हे मात्र कपाटालाच विचारावं लागतं, आणि कपाट बोलत नाही. खाऱ्या हवेनं पितळ काळं पडलेलं, चिकटवलेली पट्टी गळालेली, वर्ष गेलेलं. चषकावर वर्ष कोरून घ्यायला फार खर्च येत नाही. गुणपत्रकाची प्रत सामना संपल्या संपल्या मागून घ्या, फोटो काढा, आणि मागे पेन्सिलीनं लिहा: तारीख, ठिकाण, कोणाविरुद्ध, मध्यंतराचा गुणफलक, बारा नावं. शाई इथल्या दमट हवेत फुटते, पेन्सिल टिकते.